मेलोई फ्रॅन्सिस्कॅनस: वाळूच्या टेकड्यांवरील परजीवी भुंगेऱ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलोई फ्रॅन्सिस्कॅनस हा कोणता कीटक आहे आणि त्याला परजीवी का म्हणतात?

मेलोई फ्रॅन्सिस्कॅनस हा मेलॉइडी कुळातील, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातील एक भुंगेरा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील वाळूच्या टेकड्यांवर तो राहतो. प्रौढ भुंगेरा पाला खाऊन जगतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहून तो परजीवी असेल असे कोणाला वाटणार नाही. परजीवी असते ती त्याची अळी. ती जमिनीत घर करणाऱ्या एकांड्या मधमाशीच्या घरट्यात शिरते, माशीने आपल्या पिल्लासाठी साठवलेले पराग आणि मकरंद यांचे मिश्रण खाते आणि माशीचे अंडेही संपवते. यजमानाच्या अंगावर राहून त्याचे रक्त शोषणे हा परजीवीपणाचा एक प्रकार झाला. दुसऱ्याने कष्टाने जमवलेल्या अन्नसाठ्यावर आपले बालपण काढणे हा दुसरा प्रकार, आणि हा भुंगेरा त्यात मोडतो.

असे जगणारे भुंगेरे अनेक आहेत. तरीही या जातीकडे अभ्यासकांचे इतके लक्ष गेले, याचे कारण अळ्यांची घरट्यापर्यंत पोहोचण्याची पद्धत. शेकडो अळ्या एकत्र येऊन मादी माशीची नक्कल करतात आणि नर माशीला फसवून तिच्यामार्फत प्रवास करतात. वाळवंटात विखुरलेली, वाळूखाली दडलेली घरटी शोधण्याचे जवळजवळ अशक्य काम या अळ्या स्वतः करतच नाहीत, ते यजमानाकडूनच करवून घेतात. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात.

तो कोठे आढळतो?

या जातीचा सर्वाधिक अभ्यास कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात, विशेषतः केल्सो येथील वाळूच्या टेकड्यांवर झाला आहे. मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात असलेल्या या टेकड्या पायथ्यापासून सुमारे 200 मीटर उंच आहेत. त्याखेरीज उत्तरेकडे ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या वाळूतही याच जातीचे भुंगेरे आहेत. एक जागा रखरखीत आणि दुसरी समुद्राच्या दमट वाऱ्याची. दोन्हीकडे सारखी असते ती मोकळी, भुसभुशीत वाळू आणि तिच्यात बिळे खणणारी हॅब्रोपोडा वंशातील मधमाशी. भुंगेऱ्याचे वास्तव्य हवामानापेक्षा या माशीवर अधिक अवलंबून आहे.

प्रौढ भुंगेरा कसा असतो आणि किती काळ दिसतो?

प्रौढ भुंगेरा काळपट रंगाचा, मऊ शरीराचा आणि संथ चालीचा असतो. भुंगेऱ्यांचे पुढचे कडक पंख सहसा पाठ पूर्ण झाकतात. मेलोई वंशात मात्र ते आखूड असतात, पोटाचा बराच भाग उघडा राहतो आणि खालचे उडण्याचे पंख नसतातच. त्यामुळे हा भुंगेरा उडू शकत नाही. अंड्यांनी भरलेली मादी तर पोट ओढत वाळूवरून कशीबशी चालते.

हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला, जेव्हा थोड्याफार पावसानंतर वाळूतील वनस्पतींना पालवी फुटते, तेव्हा प्रौढ भुंगेरे बाहेर येतात. केल्सोच्या टेकड्यांवर त्यांचे मुख्य खाद्य म्हणजे ॲस्ट्रॅगॅलस लेंटिजिनोसस ही शेंगा धरणारी वनस्पती. हीच वनस्पती यजमान माशीलाही पराग आणि मकरंद पुरवते. म्हणजे भुंगेऱ्याचे पोट तिच्या पाल्यावर भरते, त्याच्या अळीचे पोट तिच्याच परागावर भरते आणि मधला दुवा असतो ती माशी. ज्या वाळूत ही वनस्पती नाही तेथे भुंगेरा आणि माशी या दोघांचाही हंगाम कठीण जातो. या जातीचा विचार करताना वनस्पतीला बाजूला ठेवून चालत नाही, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

यजमान माशी कोणती? ती पोळे करणारी मधमाशी आहे का?

नाही. मोहावी वाळवंटातील यजमान हॅब्रोपोडा पॅलिडा ही एकांडी माशी आहे. तिच्यात राणी नसते, कामकरी माश्या नसतात आणि सामाईक पोळेही नसते. प्रत्येक मादी स्वतः वाळूत बीळ खणते, त्यात कप्पे करते, प्रत्येक कप्प्यात पराग-मकरंदाचा साठा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि कप्पा बंद करते. आई आणि पिल्लू यांची पुढे भेट होत नाही. पिल्लाला वाढीसाठी जे काही लागते ते सगळे त्या एका बंद कप्प्यात असते.

नर माश्या हंगामात मादींच्या आधी बाहेर पडतात आणि मादी ज्या वाळूतून वर येणार त्या जागांवर घिरट्या घालत राहतात. मादी दिसताच, किंवा तिचा गंध येताच, नरांमध्ये चढाओढ लागते. आधी पोहोचणाऱ्यालाच मीलनाची संधी मिळण्याची शक्यता जास्त, त्यामुळे शहानिशा करण्यात वेळ घालवणारा नर मागे पडतो. भुंगेऱ्याच्या अळ्यांना वाव मिळतो तो नेमका या घाईत.

अंडी कोठे घातली जातात आणि अळ्या बाहेर आल्यावर काय करतात?

मादी भुंगेरा वनस्पतीच्या बुडाशी वाळूत खड्डा करून अंड्यांचा पुंजका घालते. अंड्यांची संख्या मोठी असते, कारण यांतील फार थोड्या अळ्या घरट्यापर्यंत पोहोचणार असतात. एका पुंजक्यातील अळ्या साधारण एकाच वेळी अंड्यांतून बाहेर येतात.

पहिल्या अवस्थेतील या अळीला ट्रायंग्युलिन म्हणतात. तिची लांबी एक-दोन मिलिमीटर असते. अळी म्हटल्यावर जो मऊ, लिबलिबीत जीव डोळ्यांपुढे येतो तशी ती नसते. तिचे शरीर चपटे आणि टणक, पाय सहा आणि चपळ, आणि पायांच्या टोकांना केसांत अडकण्याजोग्या नख्या. ही अवस्था खाण्यासाठी नसून प्रवासासाठी असते. अंगात जेवढी शिदोरी आहे तेवढ्यावर तिला घरटे गाठावे लागते.

वाळूतून वर आलेल्या अळ्या विखरून जात नाहीत. त्या एकमेकींच्या मागोमाग जवळच्या गवताच्या काडीवर किंवा झाडाच्या डहाळीवर चढतात आणि टोकाशी एकमेकींना बिलगून घट्ट पुंजका करतात. अशा एका पुंजक्यात शंभराहून थोड्या अधिक अळ्या असू शकतात, तसेच दोन हजारांच्या घरातही असू शकतात. दुरून पाहिले तर काडीच्या शेंड्यावर एखादी तपकिरी माशी बसली आहे असा भास होतो. येथे त्या थांबून राहतात.

हा पुंजका माशीसारखा दिसतो म्हणून नर फसतो, की आणखी काही कारण आहे?

सुरुवातीला रूपसाम्याकडेच लक्ष गेले. 2000 साली जॉन हॅफरनिक आणि लेस्ली सॉल-गर्शेन्झ यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या अळ्यांच्या सहकार्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अळ्यांचा पुंजका आकाराने आणि रंगाने माशीशी जुळतो, नर माश्या त्याच्याकडे येतात आणि त्याच्याशी मीलनाचा प्रयत्न करतात, असे त्यात दाखवले होते. कीटकांच्या जगात यजमानाला फसवण्यासाठी नक्कल करणारे बरेच आहेत, परंतु अनेक जीवांनी मिळून एकाच जीवाची नक्कल उभी करावी, ही बाब त्यामुळे प्रथमच ठळकपणे समोर आली.

2006 साली सॉल-गर्शेन्झ आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेलिन मिलर यांनी पुढचा भाग उलगडला. खरे आकर्षण गंधाचे आहे. मादी माशीच्या शरीरावर, विशेषतः डोक्याकडील भागात, लांब साखळीच्या असंतृप्त हायड्रोकार्बनांचे, म्हणजे अल्कीन गटातील संयुगांचे एक मिश्रण असते आणि नराला तेच मिश्रण मादीची ओळख पटवते. शेतात कीड पकडण्यासाठी जे कामगंध सापळे लावतात, त्यांतील कामगंधाचे जे काम असते तेच काम येथे या मिश्रणाचे असते. अळ्यांच्या अंगावरून काढलेल्या अर्कात त्याच गटातील संयुगे सापडली. तो अर्क, तसेच प्रयोगशाळेत तयार केलेले मिश्रण टेकड्यांवर ठेवल्यावर नर माश्या त्याकडे आल्या. त्या वेळी तेथे अळ्यांचा पुंजका नव्हता, तरी नर आले. गंधाची ताकद किती आहे ते यावरून कळते.

तरीही रूप निरर्थक ठरत नाही. गंध नराला दुरून खेचून आणतो, आणि जवळ आल्यावर माशीएवढा, माशीच्या रंगाचा गोळा समोर असणे अळ्यांच्या फायद्याचे असते. नर पुंजक्याला स्पर्श करतो त्या क्षणी अळ्या त्याच्या केसाळ अंगाला चिकटतात. कधी काही, तर कधी जवळजवळ सगळा पुंजका उचलला जातो. नर उडून जातो तेव्हा त्याच्या छातीवर अळ्यांचा थर बसलेला असतो.

एकटी अळी हेच काम का करू शकत नाही?

कारण एका अळीच्या अंगावरील गंध अत्यल्प असतो आणि तिचा आकार माशीच्या तुलनेत नगण्य असतो. वाऱ्यावर पसरून नराच्या स्पृशांपर्यंत, म्हणजे गंध ओळखणाऱ्या मिशांपर्यंत, पोहोचेल एवढा गंध निर्माण व्हायला अनेक अंगे एकत्र यावी लागतात. माशीएवढा आकार होण्यासाठीही तसेच. म्हणून यातील सहकार्य ऐच्छिक सोय नसून त्यावर प्रत्येक अळीचे जगणे अवलंबून आहे. पुंजक्यातून सुटून एकटी बसलेली अळी कोणाला आकर्षित करू शकत नाही. ज्या अळ्या एकत्र येतात त्या बहुधा एकाच मादीची संतती असतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पुंजक्यातील एखादी अळी मागे राहिली, तरी तिच्या मदतीने ज्या पुढे गेल्या त्या तिच्याच भावंडांपैकी असतात.

या उत्तरात ‘सहकार्य’ हा शब्द आला म्हणून अळ्यांना हेतू किंवा योजना असते असे कोणी समजू नये. ज्यांची उपजत प्रवृत्ती एकत्र राहण्याची होती त्यांचीच संतती टिकली, आणि अगणित पिढ्यांनंतर आज दिसते ती वर्तणूक घडली.

नर माशी तर घरटे बांधत नाही. मग अळ्या घरट्यात पोहोचतात कशा?

हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण नराच्या अंगावर बसणे हा अर्धाच प्रवास आहे. नर घरट्यात जात नाही, पराग गोळा करत नाही. अळ्यांना हवी असते मादी. नर खऱ्या मादीशी मीलन करतो तेव्हा दोघांची शरीरे एकमेकांना भिडलेली असतात आणि तेवढ्या वेळात अळ्या नराच्या अंगावरून मादीच्या अंगावर जातात. मादी पुढे वाळूत बीळ खणते, कप्पा करते, पराग आणते, आणि या सगळ्या फेऱ्यांत अळ्या तिच्यासोबत असतात. योग्य वेळी त्या उतरतात आणि कप्प्यात शिरतात.

साखळीतील प्रत्येक टप्प्यावर गळती आहे. काही पुंजक्यांकडे नर येतच नाही आणि अळ्या काडीवरच सुकतात. काही अळ्या नराच्या अंगावर चढतात, पण त्या नराला पुढे मादी मिळत नाही. मादीपर्यंत पोहोचल्यावरही सगळ्यांना पुरेल एवढे कप्पे नसतात. मादी भुंगेरा इतकी अंडी का घालते, याचे उत्तर या गळतीत आहे. मेलॉइडी कुळातील अनेक जातींत हीच स्थिती दिसते. फुलांवर बसून जो कीटक येईल त्याला चिकटणाऱ्या जातींच्या अळ्या तर पुष्कळदा चुकीच्या कीटकावर स्वार होतात आणि उपाशी मरतात. त्या तुलनेत मेलोई फ्रॅन्सिस्कॅनसची पद्धत बरीच नेमकी आहे, कारण हॅब्रोपोडा नरासाठी तयार झालेल्या गंधाकडे प्रामुख्याने तोच नर येतो.

घरट्यात शिरल्यावर अळीचे काय होते?

तिचे रूप पालटते, आणि तेही एकदा नाही. भुंगेऱ्यांत साधारणपणे अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात आणि अळी वाढली तरी तिचा साचा तोच राहतो. मेलॉइडी कुळात अळीच्या अवस्थेतच अनेक वेगवेगळी रूपे येतात. या प्रकाराला अतिरूपांतरण म्हणतात. कप्प्यात उतरलेली चपळ ट्रायंग्युलिन कात टाकते आणि तिच्या जागी मऊ, जाड, आखूड पायांची, जवळजवळ हालचाल न करणारी अळी दिसू लागते. आता धावायचे नसते, फक्त खायचे असते. भोवती पराग-मकरंदाचा साठा असतो आणि ती त्यावर झपाट्याने वाढते.

साठा संपला की अळी आणखी एक रूप घेते. तिचे कवच कडक होते, पाय जवळपास नाहीसे होतात आणि ती निश्चल पडून राहते. ही अवस्था कोषासारखी दिसते, पण कोष नसते. उन्हाळ्याची होरपळ आणि दुष्काळ याच अवस्थेत काढता येतात, म्हणून वाळवंटातील जातीसाठी तिचे महत्त्व फार आहे. त्यानंतर पुन्हा एक अळीचे रूप येते, ते सहसा काही खात नाही. मग खरा कोष आणि शेवटी प्रौढ भुंगेरा. पुढच्या हंगामात तो वाळू उकरून वर येतो.

एकाच जीवाला आयुष्यात आधी चपळ प्रवासी, मग बैठा खादाड आणि मग निद्रिस्त गाठोडे व्हावे लागते. प्रत्येक कामासाठी वेगळे शरीर असणे ही उधळपट्टी वाटेल, परंतु ज्या अन्नसाठ्यापर्यंत पोहोचायला वेगळे शरीर लागते आणि तो खायला वेगळे, तेथे मला तरी याहून सोपा मार्ग दिसत नाही.

मोहावीतील आणि ओरेगॉनमधील भुंगेरे एकाच प्रकारे वागतात का?

मूळ पद्धत तीच आहे, पण तपशील वेगळे आहेत, आणि माझ्या मते या जातीविषयी आजवर समजलेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. मोहावीत यजमान हॅब्रोपोडा पॅलिडा आहे, तर ओरेगॉनच्या किनाऱ्यावर हॅब्रोपोडा मिझरॅबिलिस. दोन्ही माश्या एकाच वंशातील असल्या तरी त्यांच्या मादींचा गंध तंतोतंत सारखा नाही. संयुगे आणि त्यांचे परस्परप्रमाण यांत फरक आहे.

2018 साली सॉल-गर्शेन्झ, मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही ठिकाणच्या अळ्यांची आणि माश्यांची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येक ठिकाणच्या अळ्यांचा गंध तेथल्या यजमानाच्या गंधाशी अधिक जुळतो, आणि प्रत्येक ठिकाणचे नर आपल्या परिसरातील अळ्यांच्या गंधाला अधिक भुलतात, असे आढळले. मोहावीच्या अळ्यांचा गंध ओरेगॉनच्या नराला तेवढा ओढत नाही आणि उलटही तसेच. अळ्यांनी काडीवर किती उंचीवर बसावे, हेदेखील दोन ठिकाणी वेगळे आहे. ज्या उंचीवरून तेथले नर मादीच्या शोधात उडतात, त्या उंचीला साजेशी जागा अळ्या घेतात.

दोन ठिकाणांमध्ये हजारएक किलोमीटरचे अंतर आहे आणि भुंगेऱ्याला उडता येत नाही. त्यामुळे दोन्ही समूह आपापल्या यजमानाबरोबर स्वतंत्रपणे घडत गेले. दोघांनाही आपण एकाच जातीचे नाव देतो, पण एका ठिकाणचा समूह नष्ट झाला तर दुसऱ्या ठिकाणचे भुंगेरे आणून ती जागा भरता येईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. आणलेल्या अळ्या काडीवर चढतील, पुंजकाही करतील, पण त्यांचा गंध आणि त्यांची उंची दुसऱ्याच माशीसाठी असेल.

नर माश्या ही फसवणूक ओळखू लागत नाहीत का?

ओळखण्याचा दाब त्यांच्यावर निश्चितच असतो. ज्या नराचा वेळ पुंजक्यांवर वाया जातो आणि अंगावर अळ्यांचे ओझे चढते, तो चढाओढीत मागे पडू शकतो. शिवाय तो ज्या मादीशी मीलन करतो तिच्या घरट्यात, म्हणजे पर्यायाने आपल्याच संततीपर्यंत, अळ्या पोहोचवतो. म्हणून खऱ्या मादीचा गंध आणि नकली गंध यांत भेद करू शकणाऱ्या नरांना फायदा आहे. दुसऱ्या बाजूला, तो भेद पुसून टाकणाऱ्या अळ्यांना फायदा आहे. अशा वेळी यजमानाचा गंध थोडा बदलला की परजीवीचा गंधही हळूहळू त्या दिशेने सरकतो. मोहावी आणि ओरेगॉन येथील फरक हा याच ओढाताणीचा परिणाम म्हणून समजून घेता येतो.

नराने अतिसावध होणेही परवडत नाही, ही दुसरी बाजू आहे. खरी मादी सोडून दिल्याचे नुकसान नकली मादीवर उतरल्याच्या नुकसानीपेक्षा मोठे असू शकते.

या भुंगेऱ्यामुळे माश्या नामशेष होण्याचा धोका आहे का?

तसे दिसत नाही. यजमान संपला तर परजीवीही संपतो. शिवाय वर सांगितलेली गळती इतकी आहे की बहुसंख्य अळ्या कोणत्याही घरट्यात पोहोचत नाहीत. भुंगेरा आणि माशी दीर्घकाळ एकाच वाळूत नांदत आले आहेत. उलट, ज्या टेकडीवर भुंगेरा टिकून आहे तेथे माशीची संख्या त्याला पोसण्याइतकी आहे, असा अर्थ काढता येतो. माश्यांना खरा धोका पोहोचतो तो वाळूची घरट्याची जागा तुडवली गेल्याने आणि चारा देणाऱ्या वनस्पती नाहीशा झाल्याने. तसे झाले तर माशीबरोबर भुंगेराही जातो, आणि तो जातो तेव्हा क्वचितच कोणाच्या लक्षात येते. माशीच्या संरक्षणाबद्दल लोक आस्थेने बोलतात, ते योग्यच आहे. तीच आस्था तिच्या परजीवीलाही मिळावी, कारण त्याचे सगळे आयुष्य त्या माशीच्या आयुष्यात विणलेले आहे.

हा भुंगेरा विषारी आहे का? हातात घ्यावा का?

हातात घेऊ नये. मेलॉइडी कुळातील भुंगेऱ्यांच्या शरीरात कॅन्थॅरिडिन नावाचे संयुग असते. पियेर रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1810 साली ते प्रथम वेगळे केले. भुंगेऱ्याला धोका जाणवला की पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव स्रवतो, आणि हा द्रव त्वचेला लागल्यास फोड येतात. डोळ्यांत गेल्यास अधिक इजा होते आणि पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. याच कुळातील इतर जातींचे भुंगेरे वाळलेल्या चाऱ्याबरोबर पोटात गेल्याने घोडे मरण पावतात. चुकून स्पर्श झालाच तर जागा साबण आणि पाण्याने धुवावी, चोळू नये आणि फोड फोडू नयेत.

या कुळात कॅन्थॅरिडिन मुख्यतः नर तयार करतात आणि मीलनाच्या वेळी ते मादीला देतात. मादीमार्फत ते अंड्यांपर्यंत पोहोचते आणि त्यांचे संरक्षण करते. उघड्यावर संथपणे फिरणाऱ्या, उडता न येणाऱ्या भुंगेऱ्याला भक्षकांपासून बचावाचे एवढे एक साधन आहे.

या कुळाचा जीवनक्रम समजायला एवढा काळ का लागला?

कारण त्याची रूपे एकाच जीवाची वाटत नाहीत. मेलोई हा वंश लिनियसने 1758 साली नोंदवला, पण मधमाश्यांच्या अंगावर सापडणाऱ्या बारीक अळ्यांचा त्याच्याशी संबंध आहे हे सर्वमान्य व्हायला पुष्कळ वर्षे गेली. विल्यम कर्बी यांनी 1802 साली अशा अळीला माशीवरील ऊ समजून वेगळे नाव दिले, आणि 1828 साली लेआँ द्युफूर यांनी तिच्यासाठी स्वतंत्र वंशही कल्पिला. जॉर्ज न्यूपोर्ट यांनी 1840 च्या दशकात मेलोईच्या वाढीचा बारकाईने अभ्यास केला, आणि 1857 साली फ्रान्समधील झां-आंरी फाब्र यांनी या कुळातील रूपांच्या मालिकेचे वर्णन करून तिला अतिरूपांतरण हे नाव दिले. त्यांनी अभ्यासलेल्या जाती वेगळ्या होत्या, पण मेलोई फ्रॅन्सिस्कॅनसचा अभ्यास त्यांच्याच पायावर उभा आहे.

अशी फसवणूक करणारे इतर जीव आहेत का?

आहेत. याच कुळातील स्टेनोरिया ॲनालिस या युरोपीय भुंगेऱ्याच्या अळ्याही पुंजका करतात आणि आयव्हीच्या फुलांवर जगणाऱ्या कोलेटीस हेडेरी या माशीच्या नरांना आकर्षित करतात. ऑफ्रिस वंशातील ऑर्किडची फुले मादी माशीच्या गंधाची नक्कल करून नराकडून परागीभवन करून घेतात, आणि त्यांच्याही गंधात अल्कीन गटातील संयुगेच महत्त्वाची असतात. बोलास कोळी पतंगांच्या मादीचा गंध सोडून नरांना आपल्या चिकट गोळ्याकडे ओढतो. मात्र ऑर्किड आणि कोळी हे काम एकेकटे करतात.

टेकड्यांवर अळ्यांचा पुंजका दिसल्यास काय करावे?

लांबून पाहावे आणि काडी तोडू नये. पुंजका हलवला तर अळ्या विखुरतात, आणि त्यांच्याजवळ पुन्हा जमण्याइतकी शक्ती आणि वेळ असेलच असे नाही. संरक्षित क्षेत्रात कीटक किंवा वनस्पती गोळा करण्यासाठी परवानगी लागते. छायाचित्र काढताना वनस्पतीच्या बुडाशी पाय पडणार नाही याची काळजी घ्यावी, कारण अंडी तेथेच वाळूत असू शकतात आणि माश्यांची बिळेही आसपास असतात. थोडा वेळ शांत उभे राहिल्यास नर माशी येताना दिसण्याची शक्यता असते. ती काडीजवळ घुटमळते, झेप घेते आणि उडते. त्यानंतर काडीकडे पाहिल्यास पुंजका लहान झालेला किंवा पूर्ण नाहीसा झालेला आढळतो.